डिस्क रिकामी नव्हती

मंडळी, दुपारपासून माझं कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

माझी आई भजनं गायची. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा गेला. तिच्या गाण्याची घरात एकच सीडी आहे, मामाने त्याच्या म्युझिक सिस्टिमच्या रेकॉर्डरवर केलेली. आज कॉपी काढायला ती लॅपटॉपमध्ये घातली, तर स्क्रीनवर आलं, डिस्क रिकामी आहे!

आई शेजारीच होती. तिनेही वाचलं.

दहिसरला मामाला फोन लावला. तो म्हणाला, "अगो, ती फायनलाइज करूची रवली आसतली. त्याशिवाय दुसऱ्या मशीनवर दिसाची नाय. हय घेवन ये, माझो रेकॉर्डर अजून चलता."

आईला आणि लॅपटॉपला घेऊन मालाडहून रिक्षाने निघाले. वाटभर धाकधूक. मामाने सीडी रेकॉर्डरमध्ये घालून बटण दाबलं. आम्ही तिघं त्या छोट्याशा डिस्प्लेकडे बघत बसलो.

मग तीच सीडी लॅपटॉपवर लागली. आईचा खणखणीत आवाज खोलीभर! मामा रडायलाच लागला.

आईने एक कडवं ऐकलं, हात पुढे केला आणि लॅपटॉप मिटून टाकला.

परत येताना ती रिक्षातून बाहेरच बघत होती. मी विचारलं, "आई, चुकलं का गं माझं?" तिने मानही हलवली नाही.

घरी येऊन कॉपी काढलीये. पण सांगा ना, तिला परत विचारू, की गप्प बसू?