त्या साली राखण झाली नाही

कोरोनाच्या पहिल्या लॉकडाऊनमध्ये आम्ही कळंब्याचं घर बंद करून गारगोटीजवळच्या आमच्या गावी गेलो. तिथं टीव्ही सकाळी लागायचा तो झोपेपर्यंत. आणि त्यावर काय? तीच टोपीवाली माणसं, तीच बस आणि घसा फाटेस्तोवर ओरडणारा तोच निवेदक. रोग सापडला होता कुठल्याशा लांबच्या शहरातल्या जमावात, पण ओरडणं असं, की जणू प्रत्येक मुसलमान तो खिशात पुडी बांधून हिंडतोय. माझा भाऊ कागलच्या एमआयडीसीत कामाला. कारखाना बंद, म्हणून हा दिवसभर टीव्हीपुढं. मला तर तो टीव्ही उचलून उकिरड्यावर टाकावासा वाटायचा.

एका सकाळी बघते तर गावात बकरी कापणाऱ्या मुलाणी चाचांच्या गल्लीच्या तोंडाला बाभळीचे काटे रचलेले. रचणाऱ्यांत आमचे बंधुराज सगळ्यांत पुढं. चाचा तेव्हा गारगोटीच्या बाजारालासुद्धा गेले नव्हते, पण विचारतंय कोण!

त्यातच राखण तोंडावर आली. आमच्याकडं उन्हाळ्यात शेतातल्या म्हसोबाला बकरं देतात, ती राखण, आणि ते बकरं कापायचं मुलाण्यानंच. दुसऱ्या कुणी कापलेलं देवाला चालत नाही आणि आमच्या घरात कुणी तोंडालाही लावत नाही. आम्ही मराठे, पण पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलेलं. काटे टाकताना एकाही शहाण्याला हे आठवलं नाही.

"चाचाला बोलवा," आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले.

"टीव्ही बघत न्हाईसा व्हय? रोग घरात आणायचाय?" भाऊ फणकारला. "मीच कापतो."

"काप, आन् तूच खा. तुझ्या जावळाचं बकरं त्यानंच कापलंय की रं! तवा कुठला रोग आलता?"

आबा उठले आणि तडक गल्लीकडं निघाले. मी मागोमाग. उघड्या हातांनीच ते काटे उपसायला लागले, बोटांतून रक्त आलं तरी थांबेनात. मला इतकं बरं वाटलं! आबा आणि चाचा एका वर्गात शिकलेले, एका तालमीत घुमलेले. म्हटलं, आता चाचा बाहेर येतील, राखण होईल आणि सगळ्यांची थोबाडं बंद होतील.

आवाज ऐकून चाचा दारात आले, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. डोक्यावर टोपी नव्हती. बोडक्या डोक्यानं मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं.

"गड्या, नगं काढूस," ते म्हणाले.

"का रं? राखण हाय. चल की."

"काल रातच्याला पोरं दगडं घेऊन आलती. काटं हुतं म्हणून आत शिरली न्हाईत. ऱ्हाऊ देत."

उपसलेले सगळे काटे आबांनी स्वतःच्या हातांनी परत लावले, नीट, कुठं फट राहणार नाही असे.