झोपाळ्याच्या फळीवर पाच पायलट

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पेडण्याच्या किनाऱ्यावरची छत्रीची केस मात्र वेगळी राहिली आहे. मी तेव्हा हवालदार होते, निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मला भरती केलं तेव्हा पोलिसात यायला बायका तयार नव्हत्या म्हणून घेतलं, हुशारी बघून नाही.

समुद्राकडच्या कड्यावरून एक क्लब पर्यटकांना पॅराग्लायडिंगला नेत असे. आमच्याकडे सगळे त्याला छत्रीच म्हणत. वर कापडाचा लांब पंख, खाली मागे पायलट आणि पुढे गिऱ्हाईक. त्या दिवशी पंख एका बाजूने मिटला आणि दोघं खडकावर आपटली. पुढचं माणूस आधी आपटतं. पायलटचा घोटा मुरगळला, पुढे बसलेल्या बाईची पाठ मोडली.

जखमी बाई असल्यामुळे हॉस्पिटलात जबाब घ्यायला मला पाठवलं. ती म्हणाली, "पंख मिटला तेव्हा आम्ही अजून उडत होतो. मग त्याने दोन्ही हात खाली ओढले आणि आम्ही दगडासारखे पडलो." मी ते लिहून घेतलं. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

पायलट मूळचा सावंतवाडीकडचा, कारापूरला भाड्याने राहणारा. आधी खाणीवर टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, चालवायचा. खाण बंद झाली आणि तो या धंद्यात आला. ठाण्यात बसवल्यावर एकच सांगायचा, "वारो इलो, मावशी. मी काय करतलंय?"

त्याला शिकवणारा क्लबचा मालक इस्त्री केलेला शर्ट घालून आला. हातात पायलटची प्रशिक्षणाची वही. म्हणाला, "मॅडम, सगळं शिकवलेलं आहे. प्रत्येक धड्याखाली त्याची सही आहे. माणूस ऐन वेळी डोकं वापरत नसेल तर मी काय करू?"

आमच्या साहेबांनाही ते पटलं. निष्काळजीपणाचा गुन्हा एकट्या पायलटवर, असं जवळजवळ ठरलं होतं.

शनिवारी सकाळी ठाण्यात फोन आला. डिचोलीकडच्या एका बंद खाणीचा वॉचमन बोलत होता. "बाई, ते छत्रीवाले शिकायला आमच्याच मातीच्या ढिगावर यायचे. तीन-चार सकाळी वरून खाली उतरले आणि गेले. परत कोणी फिरकलं नाही. असे अजून चौघे आहेत. सोमवारपासून ते माणसं घेऊन उडणार."

मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि वही मागून घेतली. ती इंग्रजीत. मला वाचता येईना, म्हणून मी नुसत्या सह्या बघितल्या. वीसेक पानं, तारखांवरून महिन्याभराचे धडे, पण सगळ्या सह्या एकाच पेनाच्या. पेन मध्येच अडखळायला लागलं होतं, ते पानागणिक जास्त अडखळत शेवटच्या पानावर फक्त ओरखडा उरला होता. एका बैठकीतलं काम.

माझा नवरा डिचोलीजवळच्या सर्वणचा, त्यानेही खाणीवर ट्रक चालवला. खेपांच्या चिठ्ठ्यांवर हे लोक पहाटेच सह्या करून ठेवायचे, वजनकाट्यावर वेळ जाऊ नये म्हणून. खेपा व्हायच्याच असायच्या, त्यामुळे त्यात खोटं केलं असं कोणालाच वाटायचं नाही.

मी पायलटला विचारलं, "वहीवर सह्या कधी केल्यास?"

"पहिल्या दिवशी."

"धडे व्हायच्या आधी?"

"सर म्हणाले, मागीर गडबड नको. खाणीर करी होतंय तसा केलंय." नंतर घाई नको म्हणून, खाणीवर करायचा तसंच.

"पंख मिटला तर काय करायचं, हा धडा झाला?"

तो म्हणाला, "माका काम दिल्यानी तेणी, मावशी. त्यांच्यार कसा सांगू?"

"मग आत जा आणि त्यांच्या वाटचं भोग. सोमवारी आणखी कोणाची पाठ मोडली की तीपण तुझ्याच नावावर लिहिते."

मग बोलला. धडा झालाच नव्हता.

साहेब म्हणाले, "हा स्वतःला वाचवायला बोलतोय, बाई. पुरावा काय?"

सैन्यातून निवृत्त झालेले एक प्रशिक्षक साहेबांनी तज्ज्ञ म्हणून बोलावले होते. ते म्हणाले की एक बाजू मिटली तर अंगाचा भार उघड्या बाजूला टाकायचा, त्या हाताची दोरी किंचितच धरायची आणि मिटलेली बाजू सावकाश उघडायची. दोन्ही दोऱ्या खाली ओढल्या तर पंख उडायचाच थांबतो. हे आधी जमिनीवर, टांगलेल्या आसनात बसवून, हातांना सवय होईपर्यंत करून घेतात.

जप्त केलेल्या सामानाला हात लावायला साहेबांनी मनाई केली. मी क्वार्टर्समधून झोपाळ्याची फळी आणली, जीपच्या शेडमध्ये टांगली आणि हातांनी ओढायला वरच्या तुळईवरून दोन दोऱ्या सोडल्या. पंच बसवले. उरलेल्या चौघांना बोलावून एकेकाला आत घेतलं.

पहिला हसला. "पाळण्यात घालतास काय आमका?"

"बस. अंगाई नंतर म्हणते."

प्रशिक्षकांनी मागून फळी एका बाजूला जोरात झुकवली आणि ओरडले, "डावी बाजू मिटली." त्याने दोन्ही हात मांडीपर्यंत ओढले. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसऱ्याने आणि चौथ्यानेही. शेवटी जखमी घोट्याचा आमचा पायलट बसला. त्यानेही तेच. साहेबांनी हलणारी फळी हाताने थांबवली आणि मला म्हणाले, "पंचनामा लिहा."

चौघांच्या वह्या जप्त केल्या. सगळ्यांत तशाच, पहिल्या दिवशी एका बैठकीत केलेल्या सह्या. परवाना देणाऱ्या कार्यालयाला त्याच दुपारी पत्र गेलं आणि सोमवारी कड्यावरून कोणी उडालं नाही. आरोपपत्रात मालकाचं नाव वर आलं. पायलटचंही राहिलं. त्याने न शिकलेल्या गोष्टीखाली सही केली होती आणि त्या सहीवर एका बाईला हवेत नेलं होतं. त्याची मला दया आली नाही असं नाही, पण दयेचा रकाना आरोपपत्रात नसतो.

मी यातून एवढंच शिकले की शिकवलं का, हे शिकवणाऱ्याला विचारून काही कळत नाही आणि वहीला विचारूनही नाही. शिकलेल्याला फळीवर बसवून हादरवायचं आणि त्याचे हात बघायचे. विमान असो, छत्री असो, नाहीतर टिपर. तोंड विचार करून बोलतं, हातांना तेवढा वेळ नसतो.

चौघांपैकी तिघे दुसरीकडे जाऊन पहिल्यापासून शिकले. चौथा आता मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. मागे एकदा त्याच्याच गाडीत बसायची वेळ आली. आरशात बघून म्हणाला, "मावशी, तुझ्यापायी माझो धंदो गेलो."

म्हटलं, "धंदा गेला. पण तुझं गिऱ्हाईक पाठ टेकून बसलंय ना?"

त्याने आरसा सरळ केला आणि गाडी सुरू केली.