पाटोळेंची बैठक

डायलचा काटा पुन्हा हलला.

आदल्या संध्याकाळी हाच बेस मी स्वतः सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, ठेवून तपासला होता. वस्तू केसभर वरखाली असली तरी डायलचा काटा हलतो. तेव्हा काटा जागचा हलला नव्हता. सकाळी तोच बेस, तीच प्लेट, आणि काटा असा गेला की शेजारी उभा असलेला रामलाल म्हणाला, "अरे बाप रे!" रामलाल आमचा प्लेनर चालवायचा. प्लेनर म्हणजे लोखंडाला रंधा मारायचं मशीन. आम्ही दुसऱ्यांदा रंधा मारून बेस सपाट केला होता आणि दुसऱ्यांदा तो वाकला होता.

एकाहत्तरची लढाई तोंडावर आली होती आणि फॅक्टरीत तिची घाई कित्येक महिने चालू होती. मी जबलपूरच्या एका फॅक्टरीत टूलरूमचा चार्जमन होतो. चार्जमन म्हणजे साहेब आणि कामगार यांच्या मधला माणूस, दोन्हीकडून बोलणी खाणारा. आम्ही एक ड्रिल फिक्स्चर बनवत होतो. फिक्स्चर म्हणजे एक भक्कम चौकट. तिच्यात पार्ट घट्ट बसवला की प्रत्येक पार्टला भोक त्याच जागी पडतं. चौकटीचा बेस वाकडा असेल तर सगळीच भोकं चुकतात. आमचं फिक्स्चर होईना म्हणून शॉपमधली उत्पादनाची अख्खी लाइन थांबून उभी होती.

मिश्रासाहेब आले. आमचे मॅनेजर, मोठे शांत गृहस्थ. पण त्या दिवसांत त्यांचाही आवाज चढला होता.

"साळवेजी, ये क्या हो रहा है? ऊपर से फोन पे फोन आ रहे हैं."

"साहब, प्लेनिंग बराबर है."

"फिर?"

"कास्टिंग कच्चा है."

"वो तो मुझे भी मालूम है," साहेब म्हणाले आणि स्टुलावर बसले.

कच्चं म्हणजे काय, ते सांगतो. भट्टीतून ओतलेलं लोखंड बाहेरून आधी थंड होतं, आतून मागाहून. त्यामुळे आत ताण राहतो. वरचा थर रंध्यानं काढला की तो ताण मोकळा होतो आणि वस्तू हळूहळू वाकते. कणीक मळल्या मळल्या पोळी लाटायला घेतली तर कशी आखडते, तसंच. म्हणून चांगल्या कारखान्यात ओतलेलं बीड मागच्या यार्डात नुसतं टाकून ठेवतात. ऊन खातं, पाऊस खातं, थंडी खातं. याला सीझनिंग म्हणतात. असं पडून म्हातारं झालेलं कास्टिंग मग वाकत नाही. लढाईच्या घाईत यार्डातला सगळा जुना माल संपला होता आणि आम्ही कालचं ओतलेलं आज कापून राहिलो होतो. भट्टीत परत तापवून ताण काढता येतो, पण भट्ट्या लढाईच्या मालानं भरलेल्या. महिनाभर नंबर लागणार नव्हता.

आता पाटोळेचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. जळफळाटही त्याच्याशिवाय होत नाही.

प्रभाकर पाटोळे माझ्या आधीचा चार्जमन. आम्ही दोघंही अमरावतीकडचे ख्रिस्ती, एकाच मंडळीतले. तोंडावर मी त्यांना दादा म्हणायचो, मनात नाही. नशीब बघा माणसाचं! निवृत्तीचा हार गळ्यात पडला आणि लगेच लढाईची धावपळ लागली. आमचे रविवार रद्द, रजा रद्द. हा मात्र अधारतालच्या घरी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, दर रविवारी नेपियर टाउनच्या चर्चमध्ये. तिथं हिंदी उपासनेच्या आधी आमची छोटीशी मराठी उपासना व्हायची. शास्त्रवाचन इतकी वर्षं माझ्याकडे होतं. मी ड्युटीवर, म्हणून ते पाटोळेकडे गेलं.

माझी बायको मार्था घरी येऊन सांगायची, "आज दादांनी काय सुंदर वाचलं हो! शब्द न् शब्द ऐकू आला."

"मी वाचत होतो तेव्हा काय बहिरे बसले होते?"

"तुम्ही घाईत वाचता," ती म्हणायची.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण टूलरूमच्या मागे, कडुनिंबाखाली एक जुनं बेड कास्टिंग, म्हणजे मशीनचा ओतीव पाया, पडलं होतं. कुठलीतरी ऑर्डर रद्द झाली तेव्हापासून ते तिथंच. पाटोळे वर्षानुवर्षं त्यावर बसून डबा खायचा. डबा उघडण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करायचा, तेव्हा रामलालसुद्धा बिडी विझवायचा. पाटोळे गेल्यावर ती जागा मी घेतली. मी बसायला लागलो, पण लोक म्हणायचे काय? "साळवेजी कहाँ हैं?" "पाटोळेबाबा की बैठक पे." बसायचो मी, नाव त्याचं! अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या दिवशी साहेब गेल्यावर मी डबा घेऊन तिथंच जाऊन बसलो. फिक्स्चर झालं नाही तर बोट माझ्याकडे दाखवणार. वर कुणीतरी म्हणणारच की पाटोळे असता तर झालं असतं. पाटोळे आता काय करत असेल? जेवून वामकुक्षी. आणि मी त्याच्या बैठकीवर...

मी उठलो. खाली वाकून पाहिलं. बीडच, चांगलं जाड. खिशातली टेप काढून मापलं. बेस निघत होता, वर थोडं कापायलाही उरत होतं.

खरं सांगू? लाइन सुटेल याचा आनंद मागाहून झाला. आधी आनंद झाला तो बैठक जाणार याचा.

रामलाल ऐकेना. "बाबा की बैठक काटोगे? पाप लगेगा, साळवेजी."

"पाप माझ्या खात्यावर लिही," मी म्हटलं, "चलो, क्रेन बुलाओ."

साहेबांनी लगेच होकार दिला. कास्टिंग उचललं तेव्हा खाली पिवळं पडलेलं गवत होतं आणि चारपाच जण उगाच टोपी काढून उभे होते. कुणाची मयत असावी तसे! मी सगळ्यांना कामाला पिटाळलं.

संध्याकाळपर्यंत रंधा मारून झाला. काटा स्थिर. पण संध्याकाळचं कौतुक आम्ही दोनदा पाहिलं होतं. सकाळी मी भोंग्याच्या आधी पोचलो. मनात म्हटलं, प्रभू, मी हे बऱ्या मनानं केलेलं नाही, पण शिक्षा लाइनीला देऊ नको. डायल लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

काटा हलला नाही. मी उलटीकडून फिरवला, तरी नाही. रामलालनं माझी पाठ अशी थोपटली की चष्मा पडला.

दुपारपर्यंत भोकं जागच्या जागी पडायला लागली. आणि फिक्स्चरवर कुणीतरी खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'पाटोळे फिक्स्चर'. मी पुसलं. दुसऱ्या दिवशी परत लिहिलेलं.

मिश्रासाहेब म्हणाले, "इस इतवार आप घर बैठिए."

"साहब, काम..."

"काम हो जाएगा. आप भी कच्चे कास्टिंग की तरह टेढ़े होने लगे हैं."

झालं! माझ्याशिवाय काम होणार, हेही ऐकून घ्यावं लागलं.

रविवारी चर्चला गेलो. पाटोळे खिडकीशी बसला होता. वाळला होता जरा.

"सलाम, दादा."

"सलाम. ये रे साळवे. काहून इतका वाळला?" त्यांनीच मला विचारलं.

मी म्हटलं, तुमची मजा आहे, आराम आहे. तर ते खिडकीबाहेर बघत बोलले, "कायचा आराम? रोज भोंगा वाजला की मी चप्पल घालतो. मंग याद येते. तसाच उभा राहतो दारात. रोज तुझा हेवा करून राहिलो मी. मले वाटते, देवानं मले अडगळीत टाकलं."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! माझा हेवा? पाटोळेला? मनात गुदगुल्या झाल्या. मग त्यांच्या पायांकडे नजर गेली. रविवारच्या सदऱ्याखाली फॅक्टरीचेच बूट होते, पॉलिश केलेले. माझी गुदगुली तिथंच विरली.

"दादा, तुमची बैठक आम्ही कापली," मी म्हटलं.

ते दचकले. मी सगळं सांगितलं. कच्चा माल, काटा, क्रेन, टोप्या. खडूचंही सांगितलं, जिभेवर आलंच.

"मंजे ते कामी आलं?"

"पडून राहिलं होतं, म्हणूनच कामी आलं. ताजं होतं ते सगळं वाकलं. अडगळ नव्हती दादा ती, सीझनिंग होतं."

असला धीर देणं पाळकसाहेबांचं काम, माझं नाही. पण बोलून गेलो. पाटोळेंनी रुमाल काढून बराच वेळ नाक पुसलं. मग म्हणाले, "आज वाचन तू कर."

"नको. तुमचा शब्द न् शब्द ऐकू येतो म्हणे."

ते हसले आणि बाकावर सरकून मला खिडकीशी जागा दिली. त्यांनी वाचलं. सुंदरच वाचलं, मार्था खोटं बोलत नव्हती. प्रवचन कशावर होतं ते मला माहीत नाही, कारण मी पाटोळेंच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलो होतो. कुणी उठवलं नाही.

पुढे लढाई झाली, संपली. मी फाउंड्रीतून एक नवं कास्टिंग मागवून कडुनिंबाखाली टाकून घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत त्यावर डबा खाल्ला. धडा एवढाच की यार्डात नेहमी थोडा माल पडून असू द्यावा. बिनकामाचा दिसतो म्हणून कुणी हलवू नये. माणसांचंही तेच.

परवा टूलरूममधला एकजण बाजारात भेटला. मी आपलं सहज विचारलं, मागचं ते कास्टिंग आहे का अजून? "हाँ हाँ," तो म्हणाला, "पाटोळेबाबा की बैठक ना? सब वहीं बैठते हैं."

पाटोळेदादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझाही नंबर जवळ आलाय. वर पोचेन तेव्हा तिथंही ते माझ्या आधी चांगल्या जागी, खिडकीशी बसलेले असणार. जळफळाट होईल माझा. पण सरकून जागा देतील.