केरमानच्या मुली

अजीजा सोलापूरच्या एका दवाखान्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवायची. वडील गैबीसाब गिरणीत होते. ते गेल्यावर विजापूर वेशीजवळच्या दोन खोल्यांत माय-लेकीच राहिल्या. आधीच्या रात्रपाळीच्या नोकरीपायी तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्याचं दुःखही आता जुनं झालं होतं. चादरीचे कोपरे कसे दुमडायचे हे दरसाल नव्या मुलींना सांगून ती कंटाळली होती. इराणात शिकवायला परिचारिका हव्यात असं १९७४ साली कळलं, तेव्हा तिनं कुणालाही न विचारता अर्ज केला.

"वां कोन हय गे तेरा?" अम्मा, कमरबी, म्हणाली.

"कोई नै अम्मा. जाके देखती."

केरमान शहर कोरडं होतं. डोंगरावर बर्फ, जेवणात तिखट नावाला नाही. अजीजा इंग्रजीत शिकवायची. मुली माना डोलवायच्या आणि परीक्षेत कोरे कागद द्यायच्या. आपण इथं भिंतीला शिकवतोय असं तिला वाटू लागलं. परत जावं, तर अम्माला काय सांगायचं?

एकदा ती मुलींना घेऊन वॉर्डात गेली. गालिचे विणणारा एक म्हातारा कितीतरी दिवस अंथरुणाला खिळला होता. त्याला बघून अजीजाच्या तोंडून आपसूक निघालं, "बाबा, तकलीफ है?"

मुलींनी घाईघाईनं वह्या काढल्या. नाहीद नावाच्या उंच मुलीला थोडंफार इंग्रजी यायचं. बाईंना त्या मुली खानुम म्हणायच्या. तिनं विचारलं, "खानुम, कुठली तकलीफ?" त्यांच्या भाषेत तकलीफ म्हणजे घरचा अभ्यास! उलगडा झाला तशी हसण्याची लाट उसळली, म्हातारासुद्धा हसला. मग अजीजानं त्याला कुशीवर वळवलं. पाठ सोलून निघाली होती.

"अगं बाई, केवढी ही जखम!" ती मराठीत पुटपुटली.

"जख्म! जख्म!" मुली एकदम म्हणाल्या.

हा शब्द त्यांचाही आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. ती तर तो शाळेत मराठीच्या बाईंकडून शिकली होती. त्या दिवसापासून तिनं इंग्रजी पुस्तक बाजूला ठेवलं. आधी रुग्णाजवळ जायचं, मुलींकडून त्यांचा शब्द घ्यायचा, मग शिकवायचं. दर्द, बीमार, नब्ज, असे कितीतरी शब्द ओळखीचे निघाले. "खानुम, तुम्ही फारसी कुठं शिकलात?" कुणी विचारलं की ती म्हणायची, "सोलापुरात."

एका शुक्रवारी नाहीद तिला घरी जेवायला बोलवायला आली. नाहीदचे वडील मोठे अधिकारी. अजीजाला संकोच वाटला. आपण साध्या घरच्या, हे सांगावं म्हणून ती मोडक्या फारसीत म्हणाली, "मी गरीब आहे."

नाहीदचे डोळे भरून आले. हात धरून तिनं अजीजाला ओढतच नेलं. दारात तिच्या आईनं कवेत घेतलं. जेवताना वडिलांनी इंग्रजीत समजावलं, "आमच्यात गरीब म्हणजे आपल्या माणसांपासून दूर पडलेला, परका."

अजीजाला हसू आलं, पण ते ओठातच राहिलं. पैशाची गरिबी तिनं जन्मभर पाहिली होती. इथं आल्यापासून छातीत जे दाटून यायचं, त्याला मात्र तिच्याजवळ नाव नव्हतं. ते आज या परक्या घरात मिळालं. तिनं मान खाली घातली आणि ताटातला भात संपवला. पुढं प्रत्येक शुक्रवारी ती त्या घरी जेवली.

१९७८ च्या अखेरीस शहरात शहाविरुद्ध दंगली उसळल्या, वर्ग बंद पडले. परदेशी माणसं निघाली तशी तीही निघाली. सोलापुरात जुन्या दवाखान्यानं तिला परत शिकवायला घेतलं. अम्मा थकली होती. "रंग उतर्‍या गे तेरा," म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. अजीजा बिनदुधाचा चहा पिते हे मात्र शेजारणींना बोलायला बरेच दिवस पुरलं.

त्या वर्षी मंद्रूपकडची बसव्वा शिकायला आली. घरात कन्नड, मराठी अडखळत. ड्रेसिंगच्या तासाला अजीजानं तिला रुग्णाच्या पायाकडे बोट करून विचारलं, "हे काय गं?"

"गाय," बसव्वा म्हणाली.

सगळ्या मुली खिदळल्या. बसव्वाची मान खाली गेली.

"बसव्वा, तुमच्यात जखमेला गाय म्हणत्यात व्हय?" अजीजानं विचारलं.

"व्हय, बाई."

"मग ह्या आजोबांस्नी त्याच शब्दात विचार. तेबी तुमच्याकडचेच हायेत."

बसव्वा खाटेजवळ वाकली आणि हळू आवाजात कन्नडमध्ये बोलू लागली. सकाळपासून गप्प पडलेला म्हातारा तिला काय काय सांगत सुटला, आणि ड्रेसिंगचा तास त्यातच संपला.