शेवटची बारा पानं

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट कळत नाही.

गेल्या महिन्यात लहानपणीची आवडती विज्ञान कादंबरी नवी प्रत मागवून पुन्हा वाचली. परग्रहावर अडकलेलं यान, सहा माणसं, संपत आलेला प्राणवायू. आता त्यातलं विज्ञान कच्चं वाटलं. पण शेवटचं प्रकरण आलं आणि — लाज वाटली म्हणू? नाही. गोड वाटलं. तेव्हासारखंच.

कोंढा गावाकडच्या आमच्या शाळेत पुस्तकांची एक लोखंडी पेटी होती. हे पुस्तक आधी मला मिळालं. पुस्तकं नेण्याच्या वहीत माझ्यानंतरचं नाव वर्गातल्या सुधाकरचं. यानाची गोष्ट सांगायला मी वर्गात उभा राहिलो, तर तो मागून ओरडला, ‘‘याची माय आमच्या बांधीत रोवणा करते, अन् हा चालला परग्रहावर!’’ वर्ग हसला. आई त्या वेळी खरंच त्यांच्या भातशेतीच्या चिखलात रोपं लावत वाकलेली होती.

पुस्तक परत करण्याआधी मी शेवटची बारा पानं ब्लेडनं कापली. सुधाकरला शेवट कळू नये, एवढंच हवं होतं. एवढंच? मग सुधाकरनं परत केलेल्या पुस्तकात पानं नाहीत हे पाहून सरांनी मला विचारलं — ‘‘तू दिलंस तेव्हा पानं होती ना?’’ — तेव्हा मी ‘‘होती, सर’’ का म्हणालो?

सरांनी त्याला छडीनं मारलं. पेटी त्याच्यासाठी कायमची बंद. आणि पेटीची चावी त्यांनी विश्वासानं माझ्या हाती दिली. त्या चावीनं मी सगळी पुस्तकं वाचली. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. सरांचे उपकार मी आजही सगळ्यांना सांगतो. चावी का मिळाली, ते सांगत नाही.

परवा लाखांदूरच्या एसटी स्टँडवर सुधाकर भेटला. ‘‘साहेब झाला गा तू तं!’’ म्हणत हसला. मग हळूच म्हणाला, ‘‘एक सांग. ते यान वापस आलं का शेवटी? पानं मी नव्हती फाडली गा, देवाशप्पथ.’’

खरं सांगणं किती सोपं होतं तेव्हा! पण मला त्या वर्गातलं हसू ऐकू आलं.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘सगळे तिथंच मेले.’’

‘‘असं?’’ तो म्हणाला. ‘‘मले वाटत होतं, आले असतील.’’

यान परत येतं. सहाही माणसं जिवंत उतरतात. नवी प्रत तेव्हा माझ्या पिशवीतच होती.