दिगूदादानं ते बोल्ट लावलेच नव्हते

माझा भाऊ चोर नव्हता.

हे मला त्याच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी फेसबुकवर लिहावं लागतंय, याचाच जास्त संताप येतोय.

दिगंबर मिस्त्री. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या गाड्या त्याच्या हाताखालून गेल्यात. अजिंठ्याजवळच्या आमच्या गावातून आयटीआय करायला शहरात आला आणि चिकलठाण्यात गॅरेज टाकून इथलाच झाला. डिझेल इंजिन खोलायचं, दुरुस्त करून पुन्हा बांधायचं, हे त्याचं खास काम.

तीन वर्षांपूर्वी एका टूरवाल्या शेठची सतरा सीटर त्याच्याकडं आली. नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील.

गाडी तापून हेड गॅसकेट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या झाकणामधला पत्रा, जळालं होतं. दादानं पूर्ण इंजिन खोललं. सगळं काम झालं, आता फक्त वरचं हेड बसवायचं राहिलं होतं.

त्या दिवशी मी त्याचा डबा घेऊन गेले होते. त्यामुळं पुढचं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"शेठ, हेड बोल्टचा नवा सेट लागंल."

"का? जुने तुटले का?"

"तुटले नाय, ताणले गेलेत."

दादानं दुकानातून नमुन्याला एक नवा बोल्ट आणून ठेवला होता. जुना त्याच्याशेजारी उभा केला. जुना चांगला नखभर उंच. मधेच बारीक झालेला.

"या इंजिनाचे बोल्ट आवळतानाच ताणले जातात. त्या ताणावरच हेड दाबून धरतात. एकदा खोलले की त्यांचं काम संपलं. परत आवळले तर धरणार नायत."

"माझ्या जुन्या जीपला तर तूच जुने बोल्ट लावले होते!"

"व्हय, लावले. एकेक मोजून लावले. त्या इंजिनाला चालत होतं. याला कंपनीच नाय म्हणती."

शेठ हसले. गॅरेजात चार गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्याकडं बघत मोठ्यानं म्हणाले, "कळतं रे आम्हाला. पार्टवाल्याकडून कमिशन येतं ना तुला?"

दादाचा चेहरा लालबुंद झाला. आवाज मात्र चढला नाही.

"मग दुसरीकडं बांधून घ्या. जुन्या बोल्टवर मी हे हेड बसवणार नाय. या गाडीत माणसं बसत्यात."

शेठनं ड्रायव्हरकडून सुटे पार्ट पोत्यात भरून घेतले आणि गाडी दुसऱ्या गाडीला बांधून टोचन करून नेली.

दुसऱ्या गॅरेजात तेच जुने बोल्ट घासून पुसून लावले गेले.

पंधरा दिवसही झाले नसतील. साखरपुड्याची मंडळी घेऊन गाडी अजिंठ्याकडं निघाली होती. सिल्लोडच्या पुढं दोन बोल्ट तुटले, हेड उचललं गेलं, पाण्याचा पाइप फुटला. ड्रायव्हर ज्ञानोबा बॉनेट उघडत होता. उकळतं पाणी त्याच्या हातावर आलं. कोपरापर्यंत भाजला.

आणि शेठनं काय केलं?

गॅरेजवाले आणि ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर दादाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "या मिस्त्रीनं इंजिनाची वाट लावली. चोर आहे. कुणी गाडी देऊ नका."

महिन्याभरात गॅरेजसमोरची रांग गेली. ज्यांच्या गाड्या दादानं रविवारी सुद्धा गॅरेज उघडून दुरुस्त करून दिल्या होत्या, ते रस्त्यात दिसले तरी मान वळवून जायचे.

दादा आधी दवाखान्यात ज्ञानोबाला बघून आला. मग शेठच्या यार्डात गेला. म्हणाला, माझ्यासमोर इंजिन खोला. खोललं. तुटका बोल्ट काढला, तोच जुना, मधेच बारीक झालेला. तो त्यानं शेठच्या टेबलावर ठेवला आणि घरी आला.

मी भांडले त्याच्याशी. "दादा, तू पण लिही ना ग्रुपवर! खरं काय ते सांग!"

"छाये, बोल्ट बघितलाय त्यानं. त्याला कळलंय."

"त्याला कळून काय उपयोग? सगळ्या शहराला कळायला पाहिजे!"

तो हात धुवायला उठून गेला. त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो. शेठनं ती पोस्ट कधीच डिलीट केली नाही. माफी तर लांबच.

दादा दुसऱ्याच्या गॅरेजात हाताखाली कामाला लागला. मागच्या वर्षी तिथंच छातीत कळ आली. हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही.

आज वर्षश्राद्धाला शेठ आले.

पांढरे कपडे. मोठा हार. फोटोला हार घालून हात जोडले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "दिगंबरसारखा इमानदार मिस्त्री आता होणे नाही."

माझ्यानं राहवलं नाही. उभी राहिले.

"मग ग्रुपवर चोर कुणाला म्हटलं होतं, शेठ? ते खोटं होतं एवढं इथं सगळ्यांसमोर सांगा."

"ताई, आजचा दिवस तो नाही."

"आजचाच आहे!"

कुणीतरी मला खाली बसवायला लागलं. पाहुण्यांत कुजबुज, बाई माणसानं असं बोलावं का, वगैरे. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी सांगतो."

ज्ञानोबा. अजूनही शेठकडंच नोकरीला आहे. भाजलेला हात शर्टाच्या बाहीत झाकून उभा होता.

"जुने बोल्ट मीच पोत्यातून काढून त्या दुसऱ्या मिस्त्रीला दिले. शेठनं सांगितलं म्हणून दिले. दिगूभाऊनं लावायला नाय म्हटलं होतं. मी तिथंच होतो. तीन वर्षं तोंड उघडलं नाय, लेकरांकडं बघून. माझंबी चुकलं."

मला खाली ओढणारा हात सुटला.

शेठ चप्पल घालून निघून गेले. ज्ञानोबाची नोकरी उद्या राहील की नाही, माहीत नाही. तो भिंतीला टेकून उभा होता.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तीन वर्षांत तिनं या विषयावर एक शब्द काढला नव्हता. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली,

"ज्ञानोबा भावजींचं पान आधी वाढा."

दादा, तुझी लई आठवण येती.
तुला मनापासून शेवटचा नमस्कार.

— तुझी छाया