कोरे सोडलेले एकशे एकवीस

किशोर गावंडे सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि त्यातली बावीस वर्षं त्यानं अमरावतीच्या राजापेठेतल्या एका क्लासमध्ये एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचं गणित शिकवण्यात घालवली होती. ती परीक्षा मात्र त्यानं स्वतः कधी दिली नव्हती. काठावर उभं राहून पोहणाऱ्यांवर ओरडण्यात एक प्रतिष्ठा असते. ती त्याला मानवली होती.

यंदा जानेवारीत क्लासच्या मालकानं ती काढून घेतली. मालक म्हणजे जीवन धोटे. किशोर घरी शिकवण्या घ्यायचा तेव्हा आठवीत त्याच्याकडे बसलेला, शेकडेवारीत कच्चा मुलगा. आता त्याच्या टेबलावर दोन मोबाइल असत आणि दोन्ही वाजत.

"सर, अमरावतीच्या बॅचले आता व्हिडिओ दाखवू. बाहेरचा मास्तर हाये, जोरदार शिकवते. फळा फक्त अकोल्याच्या नव्या शाखेत राहीन."

"मंग मी अकोल्याले जातो," किशोर म्हणाला.

"जा ना. पण तिथल्या लोकायले मास्तरचा आकडा पायजे. आजकाल सारेच फ्लेक्सवर आकडा लावून राहिले. तुमी एकदा परीक्षा देऊन टाका. नव्वद आणा, मी फोटो लावतो."

"आन् नाही आले तर?"

"येतीन ना! तुमाले नाही येतीन तर कोणाले?" जीवन हसला. मग हसू तसंच ठेवून म्हणाला, "नाहीच आले तर काउंटरवर बसा. ॲडमिशनचे फॉर्म भरून घ्याले माणूस पायजेच."

म्हणजे एका बाजूला फळा, दुसऱ्या बाजूला काउंटर आणि मध्ये नव्वद. हे समीकरण त्याला फार सोपं वाटलं. पहिली परीक्षा त्यानं पूर्वतयारी न करता दिली, कारण आचाऱ्यानं घरून डबा नेऊ नये असं त्याचं मत होतं.

निकाल आला अडुसष्ट पर्सेंटाइल. शंभरातल्या अडुसष्ट जणांच्या तो पुढे होता. उरलेल्या बत्तीसांत त्यानंच शिकवलेली अकरा पोरं होती.

त्यातली आचल वलगावहून रोज बसनं यायची. तिला चौऱ्याऐंशी मिळाले होते. यंदा परीक्षा दोनदा होती आणि दोन्हीतला चांगला आकडा धरणार होते. दुसरीला छत्तीस दिवस राहिले होते आणि आचल ती देणार होती. किशोरही देणार होता. काउंटरची खुर्ची त्यानं पाहून घेतली होती. तिला एक पाय कमी नव्हता, काही नव्हतं, चांगली गुबगुबीत होती. त्यामुळेच भीती वाटली.

आचलनं त्याची उत्तरपत्रिका संगणकावर उघडून बरोबर-चूक मोजलं. मग म्हणाली,

"सर, तुमी एकोणऐंशी प्रश्न सोडवले. त्यातले पंचाहत्तर बरोबर. एवढं बरोबर तर टॉपरचंही नसते."

"हो ना," किशोर जरा सैलावला.

"आन् दोनशेतले एकशे एकवीस कोरे सोडले! कावून?"

"वेळ नाही पुरला."

"मंग शेवटच्या दोन मिनिटांत काहीही दाबायचं ना. चुकलं तर मार्क थोडेच कापतात."

"न सोडवता उत्तर द्यायचं? ते खोटं बोलणं झालं."

आचलनं मोबाइलवर भागाकार केला. "एकशे एकवीस, भागिले पाच पर्याय. चोवीस मार्क. डोळे मिटून भेटत होते तुमाले, आन् तुमी सत्यनारायण मांडून बसले."

संभाव्यतेचा धडा तो दरवर्षी जूनमध्ये शिकवी. त्यासाठी त्याच्याकडे एक लाल आणि एक पांढरा असे दोन लाकडी फासे होते. पोरं त्या धड्याला हसत, टाळ्या वाजवत. त्या धड्याचा उपयोग करावा, हे बावीस वर्षांत फक्त शिक्षकाच्या लक्षात आलं नव्हतं.

तयारी सुरू झाली. सकाळी सहाला क्लास उघडायचा, कूलर लावायचा आणि आचलनं मोबाइलवर पंचेचाळीस सेकंद लावायचे. एका प्रश्नाला तेवढेच मिळतात. किशोरला एका प्रश्नाला जवळजवळ दोन मिनिटं लागत. कारण आता सापडलं होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. तो प्रश्न स्वतःसाठी सोडवतच नव्हता. डोक्यात साठ पोरांची बॅच बसलेली असे आणि तो तिला समजावून सांगत असे. "समजा, कामाला लागणारे दिवस क्ष. आता मागच्या बाकावरच्यांनी सांगा..." मागच्या बाकावरचे डोक्यातसुद्धा उत्तर देत नसत. मग तो पुन्हा पहिल्यापासून सांगे.

"सर, टाइम झाला. सोडा."

"झालंच. एक पायरी राहिली."

"उत्तर दिसून राहिलं ना तुमाले?"

"दिसलं मघाच. पण ताळा करून पाहतो."

"सर, तुमी प्रश्न सोडवून राहिले का त्याच्याशी लगन लावून राहिले?"

घरी बायकोला, साधनाला, त्यानं हे सांगितलं. साधना एका शाळेत लिपिक होती आणि हजेरीपटाकडे नुसतं पाहून किती पोरं आली ते सांगत असे. तिला आचलचं म्हणणं फारच पटलं.

"काय चुकलं तिचं? पाव किलो वांगे घ्याले गेले तर तुमी ठेल्यावरचं हर एक वांगं उलटं करून पायता जी. भाजीवाली म्हणते, सायबाले आधी जाऊ द्या, मंग बाकीच्यायचं मोजते."

मराठीत गणित सोडवणं आणि गणित सोडणं यांत एका ‘व’चा फरक. बावीस वर्षं किशोर त्या ‘व’वर जगला होता. सोडवणं म्हणजे अडकलेल्याला मोकळं करणं. त्याच्या बाबतीत प्रश्न मोकळा होऊन निघून जाई आणि तो स्वतः तिथेच अडकून राही. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी एक एकवीस वर्षांची मुलगी त्याला तो ‘व’ गाळायला शिकवत होती. तिला तीनदा सांगावं लागे. मंद विद्यार्थ्यांविषयी आपण आजवर शिक्षकांच्या खोलीत जे जे बोललो, ते त्याला एकेक करून आठवू लागलं.

तिसाव्या दिवशी सराव परीक्षेत त्यानं एकशे चाळीस प्रश्न पाहिले, साठ सोडले आणि त्या साठांवर डोळे मिटून तिसरा पर्याय दाबला. दाबताना कान गरम झाले. शेजाऱ्याच्या झाडाची संत्री तोडताना व्हावेत तसे.

"एकच पर्याय धरायचा," आचलनं बजावलं. "मधात बदलायचा नाही. आन् वाचायचा तर बिलकुल नाही."

दुसऱ्या परीक्षेसाठी त्यानं अकोल्याचं केंद्र मागून घेतलं होतं, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. फाटकाबाहेर त्याच्या क्लासची नऊ पोरं उभी होती. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. एकानं तर आशीर्वाद मागितला. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. तपासणाऱ्यानं किशोरच्या पायातले बूट काढायला लावले आणि विचारलं, "काका, मुलगी कुठे बसली तुमची?"

आत मात्र सगळं ठरल्यासारखं झालं. गोल टेबलाभोवती बसलेल्या आठ माणसांचं कोडं आलं. असलं कोडं म्हणजे त्याचा जीव. त्यातला एक वकील होता, एक डॉक्टर, आणि वकिलाच्या डावीकडे कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. किशोरनं त्या आठांना तसंच बसलेलं ठेवून पुढचं पान उघडलं. एखाद्या घरी जाऊन चहा न घेता उठावं तसं वाटलं, पण तो उठला. डोक्यातली बॅचही त्या दिवशी बहुतेक सुट्टीवर होती.

शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा बावन्न प्रश्न बाकी होते. तो तिसरा पर्याय दाबत निघाला. दाब, पुढे. दाब, पुढे. एकेचाळिसाव्या खेपेला नजर चुकून पर्यायावर पडली. वडिलांचं आजचं वय किती, असा प्रश्न होता आणि तिसरा पर्याय होता, उणे सहा.

बोट थांबलं. वडिलांचं वय उणे सहा असू शकत नाही. हे माहीत असून त्यावर बोट ठेवायचं म्हणजे फारच झालं. त्यानं कागद ओढला, वडिलांना क्ष मानलं आणि सोडवलं. उत्तर बेचाळीस. ताळाही केला. मान वर केली तर पडदा बंद झालेला होता. तो प्रश्न आणि पुढचे अकरा कोरे राहिले.

निकाल लागला. आचलला त्र्याण्णव मिळाले. किशोरला एकोणनव्वद पॉइंट सत्तेचाळीस.

जीवननं उठून हात मिळवला. "वा सर! झाले ना नव्वद!"

"एकोणनव्वद पॉइंट सत्तेचाळीस."

"तेच ते. फ्लेक्सवर पॉइंट बरा नाही दिसत. नव्वद लिहून टाकतो."

आता किशोरनं फक्त गप्प बसायचं होतं. समोर चहा होता, तो प्यायचा होता. एवढंच काम होतं आणि त्याला वेळेची मर्यादासुद्धा नव्हती.

"पॉइंट पन्नास असते तर नव्वद लिहिता आलं असतं," तो म्हणाला. "सत्तेचाळीस आहे म्हणून खाली जाते. हे मी तुले आठवीत शिकवलं होतं."

"सर, कोण पायते?"

"पाहण्याचा प्रश्न नाही." किशोरनं टेबलावरचा कोरा फॉर्म उलटा केला, त्यावर आडवी रेघ ओढली, एका टोकाला एकोणनव्वद लिहिले आणि दुसऱ्या टोकाला नव्वद. मधोमध खूण केली. मग सत्तेचाळीस कुठे येतात आणि ते अलीकडच्या टोकाला जवळ का पडतात, हे त्यानं दोन उदाहरणं देऊन सांगितलं. चहा निवला. दोन्ही मोबाइल वाजून बंद पडले.

"समजलं?"

"समजलं," जीवन म्हणाला. त्यानं रेघेवरच्या खुणेवर बोट ठेवलं. "म्हणजे नव्वद काही झाले नाही."

"नाही."

"मंग नियमानं तुमी काउंटरवर."

"हो," किशोर म्हणाला. त्यानं निवलेला चहा एका घोटात संपवला.

जीवननं फॉर्म उचलला, घडी करून खिशात ठेवला. "सर, तुमाले काउंटरवर बसवलं तर एक पोरगं ॲडमिशन घेणार नाही. कोणी फी विचारली तर तुमी त्याले सांगान, बाजूच्या क्लासची कमी हाये. कोणी विचारलं, माझा नंबर लागीन का, तर तुमी कागदावर मांडून दाखवान, की लागत नाही." त्यानं हात जोडले. "सोमवारपासून अकोल्याले जा. फळ्यासमोर उभे राहा. आकडा मी लिहितच नाही. नुसतं ‘अनुभवी’ लिहितो."

सोमवारी बडनेऱ्याहून गाडी सुटली आणि जीवननं आपला मान राखला की अपमान केला, हे किशोर मांडून पाहू लागला. दोन्हीकडून नीट मांडलं. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, उत्तर येईना. मग अकोला आलं आणि उतरावंच लागलं.